तळटीपेची साक्ष

छापील पुस्तकाच्या पानाच्या तळाशीं, एका आडव्या रेघेखालीं, बारीक टाइपांत कांहीं ओळी असतात. सामान्य वाचक त्या ओलांडून पुढें जातो. विद्यार्थी त्यांस भितो. खिळे जुळविण्याच्या काळीं जुळारी तर त्यांच्या नांवानें कपाळास हात लावीत असे. ह्या ओळींस आपण तळटीपा म्हणतों. इंग्रजी भाषेंतील गंभीर ग्रंथलेखनांत पूर्वीच्या आधारांचा निर्देश करण्याची जी रीत गेल्या चारशें वर्षांत घडत आली, तिचा वृत्तांत आज आपणांसमोर थोडक्यांत मांडावयाचा आहे. विषय रुक्ष वाटेल हें मी जाणून आहें. परंतु, श्रोतेहो, ह्याच बारीक ओळींच्या मागें मागें जाऊन एका न्यायालयांत लक्षावधि मृतांविषयींचें सत्य राखण्यांत आलें, हें आपणांस पुढें दिसेल. म्हणून थोडें अवधान द्यावें अशी विनंति आहे.

शाळेंत गणित तपासतांना नुसतें उत्तर पाहून भागत नाहीं. रीत पाहावी लागते. रीत लिहिलेली असली म्हणजे उत्तर चुकलें असलें तरी चूक कोठें झाली तें सांपडतें. रीत नसली तर बरोबर उत्तरही शेजाऱ्याच्या पाटीवरून आलें कीं काय, अशी शंका राहते. इतिहासलेखकाची तळटीप ही त्याची रीत होय. आमच्याकडे मल्लिनाथानें आपल्या टीकेच्या आरंभीं निराधार असें कांहीं लिहिणार नाहीं अशी प्रतिज्ञा केली, ती संस्कृत शिकलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. प्रतिज्ञा लेखकाच्या शब्दावर भरंवसा ठेवावयास सांगते. तळटीप त्याच्या पुढें एक पाऊल जाते. ती ग्रंथाचें नांव, आवृत्ति व पान सांगून वाचकाच्या हातीं किल्ली देते, आणि कुलूप उघडून पाहण्याचें काम त्याच्यावर सोंपविते.

प्रथम नाटककार बेन जॉन्सन ह्याची गोष्ट घेऊं. रोमन बादशहा टायबेरियस ह्याचा सेजानस नांवाचा एक मर्जींतला अधिकारी होता. त्याच्या उत्कर्षाचें व नाशाचें नाटक जॉन्सननें लिहिलें आणि तें १६०३ सालीं रंगभूमीवर आलें. त्यांत खुद्द शेक्सपिअरनें काम केलें होतें. राजा, त्याचे हेर आणि त्याचे लाडके ह्यांचें असें चित्र रंगविणें त्या काळीं निर्धोक नव्हतें. ह्या नाटकापायीं जॉन्सनला प्रिव्ही कौन्सिलपुढें उभें राहावें लागलें. १६०५ सालीं नाटकाची छापील आवृत्ति निघाली. तिच्या समासांत टॅसिटस, डायो आदि इतिहासकारांचे निर्देश ओळीनें छापलेले होते. एवढेंच नव्हे, तर त्या इतिहासकारांच्या कोणत्या छापाच्या प्रती आपण वापरल्या तेंही त्यानें आरंभीं नमूद केलें होतें. कथेच्या बाबतींत आपण प्रामाणिक आहों हें दाखविण्यासाठीं ह्या टिपा दिल्या, असें तो सांगतो. प्रसंग कठीण असतां आधाराचा निर्देश ढालीसारखा उपयोगीं पडतो, हें त्याच्या ध्यानीं आलें असलें पाहिजे. पुढें १६१६ सालीं त्याच्या समग्र कृति एकत्र निघाल्या, त्या वेळीं ह्या समासांतील टिपा गाळण्यांत आल्या.

त्या काळीं टिपांची जागा समासांत असे. परंतु समास अरुंद. त्यांत ग्रंथाचें नांव मावे, चर्चा मावत नसे. आधाराची चर्चा करावयाची तर पानाच्या तळाशीं उतरावयास हवें. ह्या बाबतींत सर्व युरोपास धडा घालून दिला तो पिअर बेल ह्या फ्रेंच पंडितानें. धर्ममतामुळें मायदेश सोडून तो हॉलंडांत रॉटरडॅम येथें राहिला होता. मोरेरी नांवाच्या पूर्वीच्या कोशकारानें केलेल्या चुका दुरुस्त कराव्या ह्या हेतूनें त्यानें आपला ऐतिहासिक व चिकित्सक कोश रचिला. त्यावर १६९७ हें साल आहे. ह्या कोशाचें पान पाहण्याजोगें आहे. वर मजकुराच्या कांहीं ओळी, खालीं दोन स्तंभांत लांबलचक टिपा, आणि त्या टिपांच्याही कडेला त्यांचे आधार! कोणीं काय म्हटलें, कोणाचें ऐकून म्हटलें, आणि त्यांत कोणाची गफलत झाली, ह्याची तेथें झडती घेतलेली आहे. हा कोश पुढें इंग्रजींतही उतरला व इंग्लंडांतील लेखकांनीं तो आवडीनें वाचला.

त्या वाचकांपैकीं एक एडवर्ड गिबन. रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाच्या त्याच्या इतिहासाचा पहिला खंड फेब्रुवारी १७७६ मध्यें प्रसिद्ध झाला. प्रथम पांचशें प्रती काढावयाच्या ठरल्या होत्या. परंतु मुद्रक विल्यम स्ट्रॅहन ह्यास ग्रंथाचें भवितव्य दिसलें व त्यानें संख्या दुप्पट केली. त्याही हां हां म्हणतां संपल्या. ह्या पहिल्या छापांत टिपा खंडाच्या शेवटीं होत्या. तो खंड स्कॉटलंडांत डेव्हिड ह्यूम ह्या तत्त्वज्ञ इतिहासकारानें वाचला. ह्यूम त्या वेळीं अखेरच्या आजारानें ग्रासलेला होता व त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें तो वारला. अशा अवस्थेंत एप्रिल महिन्यांत त्यानें स्ट्रॅहनला पत्र धाडून ग्रंथाची स्तुति केली आणि एक तक्रारही केली. मजकुरांत टिपेचा आंकडा आला कीं पुस्तकाचें शेवट उलगडावें लागतें, आणि तेथें पाहावें तों बहुधा एखाद्या ग्रंथकाराचें नुसतें नांव! असे निर्देश समासांत किंवा पानाच्या तळाशीं छापावे, अशी त्याची सूचना होती. मृत्यु दाराशीं असतां ह्या विद्वानास टिपांच्या जागेची काळजी वाटली, ह्यावरून वाचकाच्या सोयीला तो किती मान देत होता तें कळतें. सूचना मान्य झाली व पुढील आवृत्तींत टिपा तळाशीं आल्या. गिबनला स्वतःला मात्र हा बदल मनापासून रुचला नाहीं. लोकांच्या आग्रहास बळी पडल्याचा आपणांस पुष्कळदां पश्चात्ताप झाला, असें तो आत्मचरित्रांत सांगतो.

परंतु ह्या टिपाच एके दिवशीं त्याच्या कामीं आल्या. पहिल्या खंडाच्या पंधराव्या व सोळाव्या प्रकरणांत ख्रिस्ती धर्माचा प्रसार कसा झाला ह्याचें त्यानें लौकिक कारणांनीं विवेचन केलें होतें. त्यावरून धर्मनिष्ठांत मोठा क्षोभ उडाला. टीकेचीं पुस्तकें एकामागून एक निघालीं. गिबन गप्प राहिला. शेवटीं १७७८ सालीं ऑक्सफर्डच्या बेलिअल कॉलेजांतील हेन्री डेव्हिस ह्या विशी नुकत्याच ओलांडलेल्या पदवीधरानें एक परीक्षणात्मक पुस्तक काढलें. त्यांतील आरोप निराळ्या जातीचा होता. गिबननें मूळ ग्रंथकारांचे अर्थ फिरविले, न वाचलेल्या ग्रंथांचे दाखले दिले आणि दुसऱ्यांच्या लिखाणांतून उचलेगिरी केली, असें डेव्हिसचें म्हणणें. आतां मात्र गिबननें लेखणी उचलली. कारण श्रद्धेवरील आक्षेप त्यानें सोसले असते, पण इतिहासकाराच्या इमानावरील आक्षेप सोसणें त्याला शक्य नव्हतें.

१७७९ सालीं त्यानें दिलेलें उत्तर वाचनीय आहे. त्या दोन प्रकरणांत ३८३ टिपा आहेत, आणि त्यांतील पुष्कळ टिपांत दोन दोन, तीन तीन निर्देश आहेत, असें तो मोजून दाखवितो. नंतर एकेक आरोप घेऊन मूळ ग्रंथांतील स्थळें तो पुढें ठेवतो. तो डेव्हिसला एक मिस्किल निमंत्रणही देतो. लंडनच्या बेंटिंक स्ट्रीटवरील आपल्या घरीं, आपण बाहेर गेलों असूं अशा वेळीं, त्यानें खुशाल यावें. नोकर त्याला ग्रंथसंग्रह दाखवील! विनोदाचा भाग सोडला तरी ह्या निमंत्रणांत एक तत्त्व आहे. ज्यानें टीप दिली त्यानें आपल्या कपाटाचें दार उघडें ठेवलेलें आहे. डेव्हिससारख्या प्रतिपक्ष्याला तपासणी करतां आली ती तरी गिबनच्या टिपांमुळेंच. टिपाच नसत्या तर आरोप सिद्ध झाला नसता आणि खोटाही ठरला नसता. दोन्ही पक्षीं केवळ आरडाओरड राहिली असती.

आतां थोडें ह्या टिपांच्या सांकेतिक भाषेविषयीं. इंग्रज विद्वानांचें शिक्षण लॅटिनमधून होई, म्हणून त्यांच्या टिपांत लॅटिन शब्दांचीं संक्षिप्त रूपें आलीं. ‘इबिड.’ म्हणजे ‘इबिडेम’, त्याच ठिकाणीं. मागील टिपेंतील ग्रंथच पुन्हां पाहावयाचा. आपल्याकडील अभ्यासक ह्याच अर्थीं ‘तत्रैव’ लिहितात. ‘ईडेम’ म्हणजे तोच ग्रंथकार. ‘ऑप. सिट.’ म्हणजे ह्या लेखकाच्या पूर्वीं सांगितलेल्या ग्रंथांत, ‘लोक. सिट.’ म्हणजे पूर्वीं सांगितलेल्या स्थळीं. ‘पासिम’ म्हणजे ग्रंथांत ठिकठिकाणीं. ‘सुप्रा’ म्हणजे वर, ‘इन्फ्रा’ म्हणजे खालीं. ‘सिक्’ हा शब्द मूळांतील चूक जशीच्या तशी उतरली आहे, ती आपली नव्हे, हें सांगण्यासाठीं कंसांत घालतात.

हे शब्द जागा वांचवितात, पण घोटाळाही करतात. समजा, विसाव्या टिपेंत एका ग्रंथाचें नांव आहे आणि एकविसाव्या टिपेंत ‘इबिड.’ आहे. छपाईपूर्वीं लेखकानें ह्या दोहोंमध्यें एक नवी टीप घातली कीं तो बिचारा ‘इबिड.’ भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवूं लागतो. ‘ऑप. सिट.’ची तऱ्हा तर आणखी वाईट. तो ग्रंथ प्रथम कोठें सांगितला तें शोधीत वाचकानें शंभर पानें मागें जावें. आणि त्या लेखकाचे दोन ग्रंथ उल्लेखिलेले असले तर कोणता घ्यावा ह्याचा उलगडा होत नाहीं. म्हणून हे संकेत हळूहळू मागें पडत गेले. शिकागो विद्यापीठाच्या मुद्रणालयानें लेखनपद्धतीच्या नियमांचें पुस्तक १९०६ सालीं काढलें. इंग्रजी ग्रंथलेखनांत त्याला फार मान आहे. त्याच्या २०१७ च्या सतराव्या आवृत्तीनें ‘इबिड.’ऐवजीं लेखकाचें आडनांव व ग्रंथाचें थोडक्यांत नांव पुन्हां द्यावें असा सल्ला दिला. शास्त्रीय लेखनांत निराळीच वाट पडली. १८८१ सालीं हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड मार्क ह्यांनीं बिनशंखाच्या गोगलगाईवरील एका निबंधांत लेखकाचें नांव व साल मजकुरांतच कंसांत घातलें. आज सर्वत्र चालू असलेल्या त्या पद्धतीचें हें पहिलें उदाहरण मानतात. पद्धत कोणतीही असो. वाचकाला मूळ जागीं विनासायास पोंचतां आलें म्हणजे ती चांगली.

ह्या रीतीचा महाराष्ट्राशींही एक खरा संबंध आहे. साताऱ्यास कंपनी सरकारचा अधिकारी असलेल्या जेम्स ग्रँट डफ ह्यानें मराठ्यांचा इतिहास इंग्रजींत लिहिला व तो १८२६ सालीं तीन खंडांत प्रसिद्ध झाला. मराठी बखरी, फारसी तवारिखा आणि इंग्रजांचे दप्तर ह्यांतील आधार तो टिपांत सांगत जातो. कांहीं हस्तलेखांच्या नकला मुंबईच्या लिटररी सोसायटींत ठेवल्या आहेत, असेंही तो कळवितो. डफचे निष्कर्ष आपणांस पुष्कळ ठिकाणीं पटत नाहींत. परंतु आधार सांगितलेले असल्यामुळें त्याच्याशीं वाद घालतां येतो. १८६७ सालीं नीळकंठ जनार्दन कीर्तने ह्या तरुणानें त्याच्या ग्रंथावर जी टीका केली, ती आमच्या इतिहाससंशोधनाच्या आरंभींची मोठी घटना होय. मूळ कागद पाहिल्यावांचून खरें काय तें कळणार नाहीं, ही जाणीव पुढें वाढत गेली. १८९८ सालीं राजवाड्यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ ह्याचा पहिला खंड काढला, तेव्हां टिपांच्या मागील अस्सल पत्रेंच लोकांपुढें आलीं.

आतां ज्या खटल्याचा मीं आरंभीं उल्लेख केला त्याकडे वळूं. डेव्हिड आयर्विंग ह्या इंग्रज लेखकानें हिटलर व दुसरें महायुद्ध ह्यांविषयीं पुष्कळ पुस्तकें लिहिलीं. त्यांत टिपांची रेलचेल असे, आणि त्या टिपांमुळें ग्रंथांस प्रामाण्याचा रंग चढे. ज्यूंच्या संहाराचें दायित्व हिटलरवरून काढून टाकावें अशी त्याची खटपट होती. पुढें पुढें तर विषारी वायूच्या कोठड्या होत्या हेंच तो नाकारूं लागला. डेबोरा लिपस्टाट ह्या अमेरिकन विदुषीनें १९९३ च्या आपल्या ग्रंथांत त्याच्यावर पुरावा विपरीत करण्याचा ठपका ठेवला. १९९६ सालीं आयर्विंगनें लंडन येथें तिच्यावर व प्रकाशकावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. इंग्लंडच्या कायद्याप्रमाणें आपलें विधान खरें आहे हें सिद्ध करण्याचा भार प्रतिवादींवर होता.

मग प्रतिवादींनीं काय केलें? केंब्रिजचे इतिहासाचे प्राध्यापक रिचर्ड इव्हान्स ह्यांनीं दोन साहाय्यक घेतले आणि आयर्विंगच्या टिपा एकेक करून मूळ जर्मन कागदांशीं ताडून पाहिल्या. ७०० हून अधिक पानांचा अहवाल तयार झाला. त्यांतील एकच उदाहरण सांगतों. ३० नोव्हेंबर १९४१ रोजीं हिटलरच्या ठाण्यावरून हिम्लरनें हायड्रिखला दूरध्वनि केला व त्याची टांचणी आपल्या नोंदवहींत केली. बर्लिनहून निघालेल्या ज्यूंच्या एका गाडीविषयीं, तिच्यांतील लोकांस ठार करूं नये, एवढाच त्या टांचणीचा अर्थ. आयर्विंगनें तिच्यावरून ज्यूंची हत्या करूं नये असा सरसकट हुकूम हिटलरनें दिला, असा निष्कर्ष काढला. वास्तविक त्या एका गाडींतील सुमारे एक हजार माणसें त्याच दिवशीं सकाळीं रीगाजवळ गोळ्या घालून मारण्यांत आलीं होतीं. दुसऱ्या दिवशींच्या नोंदींत हिम्लरच्या दलाच्या कारभारी अधिकाऱ्यांनीं आहे तेथें राहावें असा मजकूर आहे. त्यांतील ‘हाबेन’ हें साधें क्रियापद आयर्विंगनें ‘यूडेन’, म्हणजे ज्यू, असें वाचलें, आणि ज्यूंना आहे तेथेंच राहूं द्यावें असा अर्थ लावला! एक शब्द, पण त्याच्यावर सबंध दयाळूपणाचा देखावा उभा राहिला होता.

अशीं स्थळें एकामागून एक न्यायालयांत मांडलीं गेलीं. एखाद्या लेखकाच्या हातून अनवधानानें चुका झाल्या तर त्या दोन्ही दिशांना जातात; येथें प्रत्येक चूक हिटलरच्याच फायद्याची होती, हा इव्हान्स ह्यांचा मुद्दा बिनतोड ठरला. ११ एप्रिल २००० रोजीं न्यायमूर्ति ग्रे ह्यांनीं निकाल दिला. आयर्विंगनें आपल्या मतांसाठीं ऐतिहासिक पुरावा जाणूनबुजून विकृत केला, असा त्यांचा निर्णय होता. दावा फेटाळला गेला. मेलेल्या माणसांस साक्षीला बोलावितां येत नाहीं. त्यांच्या वतीनें अभिलेखागारांतील कागदांनीं साक्ष दिली. आणि त्या कागदांकडे जाण्याची वाट आयर्विंगच्या स्वतःच्या टिपांनींच दाखविली होती.

ह्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. टिपा पुष्कळ आहेत म्हणून ग्रंथ खरा, असें समजूं नये. टीप ही हुंडी आहे. ती पेढीवर वटते कीं नाहीं हें कोणी तरी जाऊन पाहावें लागतें. २०२३ सालीं न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयांत ह्याचें एक नवें उदाहरण घडलें. एका विमानकंपनीवरील दाव्यांत वकिलांनीं पूर्वींच्या निवाड्यांचे दाखले दिले. प्रतिपक्ष ते निवाडे शोधूं लागला तों ते कोठेंच सांपडेनात. संगणकाच्या चॅटजीपीटी नामक साधनानें ते रचून दिले होते. पक्षकारांचीं नांवें, न्यायालय, साल, सारें कसें यथास्थित. फक्त असे खटले जगांत कधीं झालेच नव्हते! न्यायाधीशांनीं ५,००० डॉलर दंड ठोठावला. दाखल्याचा बाह्य आकार बिनचूक असूनही आंत कांहीं नसावें, असा हा प्रकार.

तेव्हां ह्या इतिहासांतून लिहिणाऱ्यानें तीन गोष्टी घ्याव्या, असें मला वाटतें. जें स्वतः पाहिलें त्याचाच निर्देश करावा. दुसऱ्याच्या ग्रंथांत उद्धृत झालेलें आपण उचललें असेल तर त्या मधल्या ग्रंथाचें नांव सांगावें. पूर्वसूरींचें ऋण उघड मान्य करण्यांत कमीपणा नाहीं. आणि पान व आवृत्ति नीट लिहावी. कारण पत्ता अपुरा असला कीं पत्र पोंचत नाहीं. वाचणाऱ्यासाठीं मात्र एकच गोष्ट पुरे. पुढील वेळीं एखादा इंग्रजी वा मराठी इतिहासग्रंथ हातीं आला आणि त्यांतील एखाद्या विधानानें मन हललें, राग आला किंवा अभिमान दाटून आला, तर तेथेंच थांबून पानाच्या तळाशीं पाहावें. तेथें ग्रंथालयांत मिळण्याजोग्या पुस्तकाचें नांव असेल तर एक दिवस तें काढवून तें पान स्वतः वाचावें. बहुधा लेखक खरा ठरेल. कधीं ठरणारही नाहीं. दोन्ही प्रसंगीं आपण गिबनच्या त्या उघड्या कपाटापाशीं जाऊन आलों असूं.